एस्तेरबाईंचा राग

एस्तेरबाई पाटोळे यांच्या दारात उभं राहायची कुणालाच मुभा नव्हती. पोस्टमन असो, विजेचा मीटर बघायला आलेला माणूस असो की शिळंपाकं मागायला आलेली म्हातारी असो, आधी आत यायचं, खुर्चीवर बसायचं आणि मग काय ते बोलायचं. "दारात उभं करून द्यायचं ते गाईगुरांना. माणसाला बस म्हणायचं असतं," असं त्या म्हणायच्या. घरात धड खुर्ची एकच होती. दुसरीचं वेताचं विणकाम मधोमध फाटलेलं होतं आणि तिच्यावर त्या स्वतः एक फळकूट टाकून बसायच्या.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्या चांगल्या खुर्चीवर मासेवाली बसली होती. रत्नागिरीत मुलींच्या शाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती. एस्तेरबाई त्याच शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांच्या शेजारची खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून मी भर दुपारी पत्ता विचारत गेले. मासेवाली बशीतून चहा पीत होती, तिची पाटी बाहेर सावलीत ठेवलेली होती. एस्तेरबाईंनी मला चष्म्यावरून न्याहाळलं आणि म्हणाल्या, "नव्या शिक्षिका ना? तरुण आहात. पायरीवर बसा. ही सकाळपासून चालतीये."

मी पायरीवर बसले. मासेवाली हसून म्हणाली, "बस गो बाय, पायरी गार हाय." ती जैनबबी. पुढं आयुष्यभराची ओळख झाली.

एस्तेरबाई मूळच्या नगरकडच्या. नवरा कंपाउंडर, त्याच्या नोकरीमुळं लग्नानंतर त्या रत्नागिरीला आल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, पण त्या माघारी गेल्या नाहीत. इतकी वर्षं कोकणात राहूनही त्यांच्या तोंडी 'गो' कधी आलं नाही, 'गं'च राहिलं. उंच, सडसडीत, पांढऱ्या सुती साड्या, केसांचा घट्ट अंबाडा. आवाज मात्र असा की दोन वर्ग सोडून पलीकडं त्यांचा धडा चालू असला तरी आमच्या वर्गातल्या मुली सरळ बसायच्या.

त्या गेल्या तेव्हा त्यांच्या चर्चच्या मंडळीनं शोकसभा घेतली. रत्नागिरीत मराठी ख्रिस्ती घरं मोजकीच, पण त्या दिवशी आळीतले, शाळेतले, सगळे आले होते. भाषणं झाली. एकजण म्हणाला, त्या माउली होत्या. दुसरा म्हणाला, त्या शांत आणि सोशिक होत्या. मी मागच्या बाकावर बसून हे ऐकत होते आणि माझ्या अंगाची लाही होत होती. एस्तेरबाई सोशिक होत्या असं म्हणणाऱ्यानं त्यांना एक तर ओळखलं नव्हतं किंवा चांगलंच ओळखलं होतं. त्यांना सोशिक ठरवलं की त्या कुणावर रागावल्या होत्या हे सांगायची गरज उरत नाही. म्हणून मी हे लिहिते आहे.

आमच्या गावाचं नाव उभ्या महाराष्ट्रात दोन गोष्टींसाठी घेतात, हापूससाठी आणि वेड्यांच्या इस्पितळासाठी. दर रविवारी उपासना संपली की एस्तेरबाई त्या इस्पितळाच्या बायकांच्या विभागात जायच्या. रीतसर परवानगी काढलेली होती. पिशवीत खोबरेल तेलाची बाटली, लाकडी फणी आणि रिबिनी. एकेकीला पुढ्यात बसवायचं, तेल चोळायचं, वेणी घालायची आणि तिच्याशी बोलायचं. बोलणारी काय बोलते याला महत्त्व नव्हतं. मी एकदा विचारलं, "बाई, हे तुम्ही का सुरू केलंत?" मला वाटलं होतं काही तरी मोठं उत्तर मिळेल. त्या म्हणाल्या, "रविवारी दुपारी दुसरं काय काम असतं?" मग थोड्या वेळानं, कुलूप लावता लावता म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी प्रभू मला गाणी किती म्हटलीस असं विचारणार नाही. मी आजारी पडलो तेव्हा तू कुठं होतीस, असं विचारील. तेव्हा मंडळीच्या सभेत होते असं सांगू का?"

तिथंच त्यांना इंदू भेटली.

इंदू गुहागर तालुक्यातली, हेदवीच्या जवळच्या एका गावातली. सासर बागायतदारांचं, पोफळी-नारळांचं आगर, दारात विहीर, घरात माणसांची वर्दळ. पहिली मुलगी मंजू. ती दोन वर्षांची असताना दुसरं बाळंतपण झालं आणि मूल चारच दिवस जगलं. त्यानंतर इंदूचं मन ठिकाणावर राहिलं नाही. झोप उडाली, ती रात्रंदिवस विहिरीपाशी बसायची, बाळ रडतंय म्हणायची. घरच्यांनी आधी भगत केला, मग रत्नागिरीला आणून सोडलं. औषधांनी ती वर्षभरात बरी झाली. अगदी बरी. डॉक्टरांनी घरी कळवलं, पुन्हा कळवलं. कुणी आलं नाही. डॉक्टर भला माणूस होता. तो एस्तेरबाईंना म्हणाला, "बाई, हिला आजार राहिलेला नाही. हिला फक्त घर राहिलेलं नाही. मी कुठं सोडू?"

अशी ती सहा-सात वर्षं तिथं होती. शहाणी बाई. वॉर्डातल्या इतरांना जेवू घालायची, कपडे वाळत टाकायची, आणि रविवारी एस्तेरबाईंना एवढंच म्हणायची, "माझी मंजू आता शाळेत जात असेल, नाही?"

हे मला सांगताना एस्तेरबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी विळी आडवी केली आणि म्हणाल्या, "सरोज, ताप आलेलं माणूस बरं झालं की त्याला घरी आणतात. हात मोडलेलं आणतात. कुत्रं हरवलं तर लोक गावभर शोधतात. मग हिला का नाही?" त्यांना उत्तर नको होतं, त्यांनी ठरवलेलं होतं.

आधी त्या आपल्या मंडळीकडे गेल्या. चर्चच्या देवळामागं पूर्वी वॉचमन राहायचा ती खोली रिकामी पडली होती. ती इंदूला द्या, मी तिची जबाबदारी घेते, असं त्यांनी पंचांपुढं मांडलं. मला सोबत नेलं होतं, मी बाहेरच्या बाकावर होते, दार उघडं होतं. सेक्रेटरी फार मऊ आवाजात बोलत होते. म्हणाले, "बाई, तुमच्या भावना आम्ही समजतो. पण ती बाई हिंदू. उद्या लोक म्हणतील आपण तिला बाटवलं. मंडळीवर बालंट यायचं. यावर प्रार्थनापूर्वक विचार करू. पुढच्या मीटिंगला घेऊ."

एस्तेरबाई म्हणाल्या, "आपल्या प्रभूनं आंधळ्याला दृष्टी दिली, त्याच्या आधी कमिटीची मीटिंग घेतली होती का?"

कुणी तरी खाकरलं. चर्चचे तरुण धर्मगुरू, पाळकसाहेब, मान खाली घालून बसले होते. पुढच्या मीटिंगला विषय निघालाच नाही. मला आजही त्या मऊ आवाजाचा संताप येतो. शिव्या देणारा माणूस परवडतो, त्याला उत्तर देता येतं. प्रार्थनापूर्वक टाळणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

एस्तेरबाईंनी इस्पितळात सह्या केल्या आणि इंदूला आपल्या दोन खोल्यांत आणलं.

ती आली तेव्हा मी दारातच होते. लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, हातात कापडी पिशवी. बारीक, सावळी, डोळे मोठे. आत येऊन तिनं पहिल्यांदा दाराकडं वळून पाहिलं आणि विचारलं, "ह्याला आतून कडी हाय?" एस्तेरबाई म्हणाल्या, "आतूनच आहे." इंदूनं कडी लावून पाहिली, काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. मग पिशवी खाली ठेवली.

आठ दिवसांत आळी पेटली. आमचे घरमालक नाना आणि त्यांच्याबरोबर आळीतले एक निवृत्त हेडक्लार्क, तात्या, असे दोघं संध्याकाळी आले. नाना देवभोळे, स्वभावानं वाईट नव्हते. तात्यांना मात्र दुसऱ्याच्या घरात काय चाललंय याची चिंता फार. एस्तेरबाईंनी तात्यांना खुर्चीवर बसवलं, नानांना पलंगावर, आणि आत हाक मारली, "इंदू, चहा टाक गं."

तात्या म्हणाले, "आळीत लहान मुलं आहेत, बाई. उद्या तिनं काही केलं तर?"

"काय करील?"

"वेडी आहे ती."

"होती. नाना, तुमच्या बाळ्याला टायफॉइड झाला होता. भ्रमात काय काय बडबडत होता, आठवतं? बरा झाल्यावर त्याला घरात घेतलंत ना?"

नाना चुळबुळत म्हणाले, "तो ताप होता हो."

"हाही तापच होता. डोक्यात चढला होता, उतरला."

इंदूनं चहा आणला. नानांनी कप घेतला. तात्यांनी हात मांडीवरून उचलला नाही. ते म्हणाले, "आणि दुसरं म्हणजे, लोक म्हणतायत तुम्ही तिला तुमच्या धर्मात ओढणार."

एस्तेरबाईंच्या गळ्याची शीर तटतटली. "तात्या, सात वर्षं ती या गावात होती. हिंदूच होती. तुम्ही तिला न्यायला का नाही आलात? आला असतात तर मी तुमच्या पाया पडले असते." त्यांनी तात्यांच्या पुढ्यातला कप उचलला आणि स्वतः प्यायल्या. "तुम्हाला नको असेल तर वाया कशाला घालवायचा."

नाना जाताना एवढंच म्हणाले, "चहा चांगला केलान् हो." त्यांनी पुन्हा खोली सोडा म्हटलं नाही. तात्या आळीभर बोलत राहिले.

गंमत अशी, की तिकडे मंडळीतही कुजबुज सुरू झाली. कारण इंदूनं स्वयंपाकघरातल्या फळीवर आपल्या गावाकडच्या दशभुजा गणपतीची तसबीर लावली होती आणि ती रोज तिच्यापुढं निरांजन लावायची. ती फळी एस्तेरबाईंनीच सुताराकडून ठोकून घेतली होती. तेच मऊ आवाजाचे सेक्रेटरी घरी आले, तसबीर पाहिली आणि म्हणाले, "ख्रिस्ती घरात हे शोभतं का, बाई?"

एस्तेरबाई त्या दिवशी ओरडल्या नाहीत. सावकाश बोलल्या. "हिचं पोर गेलं. मग हिची पोरगी काढून घेतली. नवरा, घर, अंगण, स्वतःचं शहाणपणसुद्धा. हिच्याकडं तिचा देव तेवढा उरलाय. तो काढून घ्यायला प्रभूनं मला नेमलंय असं तुम्हाला वाटतं?" मग दार दाखवत म्हणाल्या, "मी खोली मागायला आले होते तेव्हा तुम्हाला बालंटाची भीती होती. आता बालंट यायचं कारण उरलं नाही, तर त्याचंही दुःख."

एकीकडे बाटवते म्हणून बोल, दुसरीकडे बाटवत नाही म्हणून बोल. दोन्ही बाजूंना मधली बाई मात्र दिसत नव्हती.

संध्याकाळी त्या प्रार्थनेला बसायच्या. मोठ्यानं, आपल्या माणसाशी बोलावं तसं बोलायच्या. आमच्या खोल्यांमधली भिंत पातळ होती, मला ऐकू यायचं. "प्रभू, तू बघतोयस ना हे? मग नुसता बघत काय बसलायस?" आणि नंतर, थोडं थांबून, "बरं. मला काय करायचं ते सांग."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही इंदूच्या गावी गेलो. कल्पना एस्तेरबाईंची. माणसं समोरासमोर आली की वितळतात, असा त्यांचा विश्वास होता. एसटीनं जयगडला, तिथून होडीनं खाडी ओलांडून तवसाळला, पुन्हा एसटी. इंदूनं जैनबबीनं आणून दिलेला हिरव्या काचेचा चुडा भरला होता. होडीत ती एकेक गोष्ट सांगत होती, कुठं कातळ आहे, कुठं पाण्याचा पऱ्या आहे, कुठला फणस कापा आणि कुठला बरका. एवढी बोललेली मी तिला तोवर पाहिली नव्हती.

गावात उतरलो आणि आगराकडं उतरणाऱ्या पाखाडीच्या जांभ्या दगडांच्या पायऱ्या उतरू लागलो. खालून एक मुलगी वर येत होती. नऊ-दहा वर्षांची, दोन वेण्या, हातात दुधाची कासंडी. आम्हांला पाहून थांबली. "कोणाकडे आलात?" तिनं विचारलं.

इंदूनं तिच्याकडं पाहिलं. तेच मोठे डोळे, तीच रुंद जिवणी. मला कुणी सांगायची गरज नव्हती. इंदू म्हणाली, "बाय, तुझं नाव काय?"

"मंजू."

"शाळेत जातंस?"

"चवथीत." मग ती पुन्हा म्हणाली, "कोणाकडे जायचंय?"

तिला आई आहे हे तिला ठाऊकच नव्हतं, हे आम्हांला पुढच्या काही मिनिटांत कळणार होतं. इंदूला ते त्या पोरीच्या नजरेतच कळलं असावं. ती म्हणाली, "खालच्या घरात. तू जा हो, दूध सांडशील."

घरी सासू ओटीवर सुपारी सोलत बसली होती. तिनं इंदूला ओळखलं. सूप बाजूला ठेवलं, उठली नाही. नवरा आतून आला आणि उंबऱ्याच्या आतच थांबला. त्याच्या मागं एक तरुण बाई होती, कडेवर मूल. त्यानं दुसरं लग्न केलं होतं. एस्तेरबाईंनी शांतपणे सांगितलं, ही बरी झाली आहे, डॉक्टरांचा कागद आहे, हिला तिच्या घरी आणलं आहे.

सासू म्हणाली, "ती आमच्या लेखी गेली."

"समोर उभी आहे."

"गावात आम्ही तसंच सांगितलंय. पोरीलापण तसंच. आता तुम्ही कोण, कुठल्या, आम्हाला ठाऊक नाय. पण शिकलेल्या दिसता, म्हणून विचारतंय. उद्या ह्या पोरीला स्थळ बघायचं झालं, आणि लोकांस कळलं आई वेड्यांच्या इस्पितळात होती, तर करील कोण तिला? ह्या एका बाईसाठी पोरीचा जन्म वाया घालवू?"

तिनं हे दुष्टपणानं म्हटलं नाही. बाजारभाव सांगावा तसं म्हटलं. नवरा एक अक्षर बोलला नाही. धडधाकट पुरुष, पंचक्रोशीत मान असलेला, आणि आपल्या बायकोला मेलेली ठरवताना त्याला स्वतः बोलायचीही गरज वाटली नाही. आई बोलत होती, तो खांबाचा रंग खरवडत होता.

ती दुसरी बाई आत गेली आणि पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन आली. पहिलं भांडं तिनं इंदूला दिलं. सासूनं "अगो" म्हणून तिला दटावलं, तरी ती तिथंच उभी राहिली. इंदूनं पाणी पिऊन भांडं तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मंजूचे केस दाट हायत. तेल लावतंस ना?"

तिनं मान हलवली.

"मग बरं." इंदू आमच्याकडं वळली. "चला बाई."

एस्तेरबाई हलेनात. त्या ओटीपाशी गेल्या आणि सासूला नव्हे, त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्या तोंडून ऐकायचंय मला. ही मेली म्हणा. तिच्याकडं बघून म्हणा." तो आत निघून गेला.

परतताना पाखाडीवर मंजू पुन्हा भेटली, मोकळी कासंडी घेऊन उतरत होती. "भेटले का घरचे?" तिनं विचारलं. इंदू म्हणाली, "नाय गो. आम्ही वाट चुकलो होतो." होडीत मी रडत होते, एस्तेरबाई रडत नव्हत्या. त्यांचे ओठ इतके आवळलेले होते की पांढरे पडले होते.

त्या वकिलाकडं जाणार होत्या. पहिली बायको जिवंत असताना दुसरं लग्न, कायदा स्वच्छ होता. वकिलानंही तसंच सांगितलं. पण इंदू नाही म्हणाली. "त्या दुसरीचं काय होईल, बाई? तिला कुणी विचारून आणली नसंल. तिचं पोर हाय. ती बेघर झाली तर तिला कोण आणील?" एस्तेरबाई तिच्यावर भयंकर चिडल्या. दोन दिवस घरात भांडी आपटत होत्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "आम्ही लहानपणापासून शत्रूवर प्रीती करा म्हणून पाठ करतो. ही बाई न पाठ करता करते. मला नाही जमत." मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही त्यांना क्षमा नाही केलीत?" तर म्हणाल्या, "क्षमा मागणाऱ्याला देतात. ज्याला आपलं चुकलंय असंच वाटत नाही, तो माझ्या क्षमेचं लोणचं घालणार आहे का?"

इंदूला काम हवं होतं. शाळेत शिपाईणीची जागा होती, पण पालक काय म्हणतील म्हणून मिळाली नाही. तिनं आंबापोळी केली, ती उत्तम झाली, पण तात्यांच्या कृपेनं आळीत कुणी घेतली नाही. मग एक दिवस जैनबबी खुर्चीवर बसून चहा पीत म्हणाली, "माझ्यासंगती येऊ दे तिला बाजारात. हाफिसवाल्या बायकांना मासे साफ करून पायजे असतात. माझे हात दुखतात आता." इंदू गेली. मासे कापायची सुरी तिच्या हातात अशी बसली की महिन्याभरात बायका तिच्यासाठी थांबू लागल्या. तिला वेडी म्हणणाऱ्या घरांतसुद्धा तिनं साफ केलेली सुरमई शिजू लागली. पोटाला धर्मही नसतो आणि आळीची लाजही नसते.

पुढच्या काही वर्षांत त्या दोन खोल्यांत आणखी दोघीजणी आल्या. एक सुशीला, वयस्कर, फारसं न बोलणारी. एक यमुना, जी हसायची फार. दोघीही बऱ्या झालेल्या, दोघींनाही न्यायला कुणी न आलेलं. नानांनी मागची पडवी चिऱ्याची भिंत घालून बंदिस्त करून दिली, भाडं वाढवलं नाही. पाळकसाहेब आता अधूनमधून येऊन निमूटपणे लाकडं फोडून द्यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "बाई, त्या मीटिंगमध्ये मी बोलायला हवं होतं." एस्तेरबाई म्हणाल्या, "हवं होतं. कुऱ्हाड तिकडं आहे."

मग वरून कुणी मोठे साहेब मंडळीला भेट द्यायला आले, त्यांच्या कानावर हे घर गेलं, त्यांनी भरसभेत कौतुक केलं. दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरी फोटोग्राफर घेऊन दारात. मंडळीच्या अहवालात छापायचं होतं, 'आपलं सेवाकार्य' म्हणून. सुशीला घाबरून मोरीत जाऊन बसली. एस्तेरबाईंनी फोटोग्राफरला बसवलं, सरबत दिलं आणि सेक्रेटरींना म्हणाल्या, "देवळामागची खोली अजून रिकामी आहे ना? तिचा फोटो छापा. खाली लिहा, हे आपलं सेवाकार्य."

शेवटच्या वर्षी त्यांचं हृदय दमलं. पाय सुजायचे, चार पावलांत धाप लागायची. इंदू बाजारातून आली की त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसायची.

मार्गशीर्षात एका सकाळी दारात दोघीजणी उभ्या राहिल्या. एक पस्तिशीची, एक तरुण, दोन वेण्यांच्या जागी एक लांब वेणी. ती पाण्याचा तांब्या आणणारी दुसरी बायको, आणि मंजू. इंदू मासळी बाजारात होती. एस्तेरबाईंनी पलंगावरूनच "बसा" म्हटलं.

इस्पितळात पत्ता विचारत त्या आल्या होत्या. ती बाई भडाभडा बोलली. मंजूचं लग्न ठरत होतं. सासू वारली होती. "मला राहवलं नाय. पोरीला खरं ठाऊक नको? मी तिला सांगितलं. ह्यांनी फार गोंधळ घातला. मग मंजूच म्हणाली, मुलाच्या घरी सांगितल्याशिवाय मी बोहल्यावर उभी राहायची नाय. आम्ही दोघी जाऊन सांगून आलो."

"मग?" एस्तेरबाईंनी विचारलं.

"मुलाची आई म्हणाली, बरी झाली ना आता? मग झालं. आणि म्हणाली, मांडव तुमच्याकडे की आमच्याकडे ते बोला."

मला वाटलं, एस्तेरबाई प्रभूचे आभार मानतील. त्या उशीवरून उठून बसल्या. चेहरा तांबडा झाला होता. "एवढंच? एवढंच होतं ते? पाच मिनिटांचं बोलणं?" त्यांना धाप लागली, तरी त्या थांबल्या नाहीत. "मग या पोरीची आणि तिच्या आईची इतकी वर्षं कुणी खाल्ली गं? कुणाला विचारू मी?"

त्या बाईचा काही दोष नव्हता. ज्यांना विचारायचं ते तिथं नव्हतेच, ते कधीच नसतात. मंजूनं पुढं होऊन एस्तेरबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. मी जैनबबीच्या पोराला बाजारात पिटाळलं आणि थोड्या वेळानं इंदू धावत आली, हातांना खवलं चिकटलेली, पदर खोचलेला. ती उंबऱ्यात थबकली आणि हात पाठीमागं लपवू लागली. "वास येतोय गो हातांना," ती म्हणाली. मंजूनं ते हात ओढून काढले आणि धरून ठेवले.

आंब्याला मोहर आला तेव्हा एस्तेरबाई गेल्या. झोपेत नव्हे, पूर्ण शुद्धीवर. आदल्या दिवशी त्यांनी इंदूकडून पडवीच्या चाव्या मागून घेतल्या आणि पुन्हा तिच्या हातात दिल्या. पाळकसाहेबांना म्हणाल्या, "माझ्यावर बोलताना खोटं बोलू नका." शोकसभेत ते बोलायला उभे राहिले, गहिवरले आणि खाली बसले. बोलले बाकीचे.

वैशाखात लग्न झालं. मंजूनं बापाला एकच सांगितलं होतं, आई पुढं बसेल. तो नाही म्हणाला नाही आणि हो म्हणाला नाही, मांडवात एकदाही त्यानं इंदूकडं पाहिलं नाही. मी, जैनबबी, सुशीला, यमुना आणि पाळकसाहेब असे आम्ही इंदूला घेऊन होडीनं गेलो. खळ्यात मांडव होता. इंदूला त्या दुसऱ्या बाईनं हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. आम्ही मागं बसलो. अक्षता वाटल्या जात होत्या.

माझ्या शेजारी मुंबईहून आलेल्या त्यांच्या कोणी नातलग बाई होत्या. त्यांनी माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "त्या पुढं बसल्यात त्या कोण हो? हिरव्या चुड्यावाल्या?"

"नवरीची आई," मी म्हटलं. मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. पुढच्या दोन रांगांनी माना वळवल्या.

त्या बाई गडबडल्या. आमच्याकडं, जैनबबीच्या डोक्यावरच्या ओढणीकडं, पाळकसाहेबांच्या गळ्यातल्या क्रूसाकडं, कारण नसताना हसणाऱ्या यमुनेकडं पाहत म्हणाल्या, "आणि मग तुम्ही सगळी?"

मी बोलायच्या आत जैनबबीनं हातातल्या अक्षता सावरल्या.

"आम्ही तिच्या माहेरची," ती म्हणाली.